पोतारलेल्या चुली

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

मागच्या महिन्यात तुमच्यातल्या थोरलीने मला फोनवर एक प्रश्न विचारला. विमानाचं तिकीट काढताना पडद्यावर एक चौकोन आला, त्यावर खूण केली की थोडे पैसे जास्त जातात आणि आपल्या प्रवासाच्या धुराची भरपाई होते, असं ती म्हणाली. शेजारी एक फोटो होता. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई चुलीपुढे बसून हसत होती, आणि खाली लिहिलं होतं की हे पैसे गरीब देशांतल्या खेड्यांत सुधारित चुली बसवायला जातात. "आजी, तुझ्याकडे अशा चुली आल्या होत्या ना? हे खरं असतं का गं?" असं तिने विचारलं, आणि मी म्हणाले, "आवाज तुटतोय बाळा, मी लिहून कळवते."

आवाज तुटत नव्हता. मला उत्तर देता आलं नाही, इतकंच.

आता लिहिते आहे, कारण त्या चुलींची हकिगत पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक असणाऱ्या दोघीच उरलो आहोत, आणि दुसरीला लिहिता येत नाही. मराठीत लिहिते आहे. तुम्हांला वाचायला वेळ लागेल, अडलं तर आईला विचारा. त्या वेळी मी सगळा कारभार इंग्रजीत केला होता. एकदा तरी तो मराठीत सांगावा असं वाटतं.

आधी ती भरपाई म्हणजे काय ते सांगते. श्रीमंत देशांतल्या कंपन्यांनी आणि माणसांनी धूर सोडायचा. तो कमी करणं त्यांना जड जातं, म्हणून त्यांनी गरीब देशात कुणाला तरी धूर कमी करायला मदत करायची. इथे जेवढा धूर वाचला तेवढा कागदावर मोजायचा आणि तो कागद तिकडे विकायचा. हे शतक सुरू झाल्यावर पाच-सात वर्षांत ही कल्पना आमच्या भागापर्यंत येऊन पोचली. पहिल्यांदा ऐकलं ते पवनचक्क्यांबद्दल, मग साखर कारखान्यांत चिपाडावर वीज करतात त्याबद्दल, मग पडीक जमिनीवर झाडं लावण्याबद्दल. आफ्रिकेत, नेपाळात, सगळीकडे हेच चाललं होतं म्हणे. चुली सगळ्यांच्या शेवटी आल्या. चूल लहान गोष्ट, पण लाखो घरांत असते. लाखो चुलींचा धूर थोडा थोडा कमी झाला तर मोठा आकडा होतो.

मी तेव्हा हिंगोलीच्या शाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तुमचे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं आणि घर फार नीटनेटकं राहायला लागलं होतं, कारण ते विस्कटायला कुणी नव्हतं. अशा वेळी पुण्याच्या एका संस्थेच्या बाई माझ्याकडे आल्या. वयाने माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, उन्हाने रापलेल्या, सुती साडी, पायात पुरुषी चपला. त्यांना मी ताई म्हणू लागले. त्यांची संस्था चुली बसवणार होती आणि परदेशातली एक कंपनी धुराचा कागद विकत घेणार होती. दर महिन्याचा अहवाल इंग्रजीत पाठवायचा होता आणि तो लिहायला स्थानिक माणूस हवं होतं. कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं.

त्यांनी जो तांडा निवडला होता तो पुसेगावच्या रस्त्याला आत तीनेक किलोमीटरवर. तिथल्या चार मुली माझ्या हाताखाली शिकल्या होत्या, म्हणून तांड्याला मी परकी नव्हते. या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहायचे. आता सोयाबीन, तूर, कापूस, थोडी जनावरं. टेकडीच्या उतारावर घरांच्या दोन ओळी होत्या. वरची ओळ जुनी, खालची मुलं वेगळी झाली तशी वाढत गेलेली. वरच्या ओळीला वारा लागायचा. खालच्या ओळीत घरं बुटकी आणि मागच्या बाजूला उताराला टेकलेली, त्यामुळे धूर आतच कोंडायचा.

खालच्या ओळीत, शेवटून दुसऱ्या घरात, एक बाई राहायची. तिची थोरली जाऊ वरच्या ओळीत. मी त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणेन. धाकटीला दमा होता. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती, पण बोलताना वाक्य मध्ये थांबवून श्वास घ्यायची. तिच्या घरात पहिल्यांदा गेले तेव्हा कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा धूर इतका होता की मला तिचा चेहरा दिसला नाही. नुसता आवाज आला, "या बाई, बसा. खाली बसा म्हंजी डोळे चुरचुरायचे न्हाईत." उभं राहिलं की धूर, बसलं की जरा कमी. ती त्या घरात बसूनच वावरायची.

चुली दोन खेपांत येणार होत्या. पहिल्या खेपेत तांड्याच्या निम्म्या घरांना. त्या वर्षभर वापरात राहिल्या, तपासणी झाली, की दुसरी खेप उरलेल्या निम्म्यांना. ताईंनी मला विचारलं, "पहिल्या खेपेत कोणाला द्यायच्या? भांडणं नकोत."

मी म्हणाले, "ओळीने द्या. वरच्या ओळीच्या पहिल्या घरापासून. मग कुणाला बोलायला जागा राहणार नाही."

नायकांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, ते पटलं. मी यादी केली. अनुक्रमांक, घर, कुटुंबातली माणसं, सगळे रकाने आखून. वरची ओळ संपली तिथे पहिली खेपही संपली. मला तो योग फार सुंदर वाटला होता.

यादी वाचून दाखवली त्या दिवशी थोरली उठून उभी राहिली. उंच बाई, कपाळावर गोंदण, आवाज सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असा. "बाई, माझी चूल धाकटीला द्या. माझ्या घरातला धूर वाऱ्यानं जातो. तिच्या घरात मांजर बी खोकतं."

लोक हसले. धाकटीही हसली आणि मग तिला खोकला लागला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. फॉर्म भरून झाले होते, वर अंगठे झाले होते. मी म्हणाले, "एकदा यादी झाली की झाली. एकीची बदलली तर दहाजणी येतील. एक वर्षाचाच तर प्रश्न आहे."

हे वाक्य माझं आहे. ते ताईंचं किंवा कंपनीचं नव्हतं, हे तुम्ही लक्षात ठेवा.

चुली आल्या. सिमेंटचा ठोकळा, आत बिडाची जाळी, मागून धुराड्याचं नळकांडं पत्र्यातून वर गेलेलं. नव्वदच्या सुमारास तांड्यावर अशाच काही चुली येऊन गेल्या होत्या. त्या वर्षभरात फुटल्या होत्या आणि त्यांच्या नळकांड्यांचा उपयोग कोंबड्यांना पाणी ठेवायला झाला होता. म्हणून आधी कुणाचा विश्वास नव्हता. थोरलीने आपल्या चुलीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "ट्रॅक्टर हाय का चूल हाय ही? सायलेन्सर तर बराबर बसवला." पण पहिल्या दिवशी पेटवली आणि धूर खरंच वरून गेला, तेव्हा ती बराच वेळ अंगणात उभी राहून पत्र्यावरच्या नळकांड्याकडे बघत होती.

चूल रोज वापरली जाते याची नोंद ठेवायची होती. बहुतेक बायकांना लिहिता येत नव्हतं. मी एक सोपी पद्धत काढली. चूल पेटवली की शेजारच्या भिंतीवर कोळशाने एक उभी रेघ ओढायची. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मी रिक्षाने जायची, प्रत्येक घरातल्या रेघा मोजायची आणि घरी येऊन वहीत उतरवून घ्यायची. तिथे नुसत्या कच्च्या चिठ्ठीवर टिपून आणायची आणि पक्क्या वहीत उतरवलं की चिठ्ठी फाडून टाकायची. कच्चं ठेवून गोंधळ कशाला करायचा, ही माझी शाळेतली सवय.

थोरलीच्या भिंतीवर रेघा सगळ्यांपेक्षा जास्त असत. पहिल्यांदा मला वाटलं, ती चढाओढीने ओढते आहे. विचारलं तर म्हणाली, "दोन घरांचा सैपाक हाय ना बाई हितं." धाकटी पावसाळ्यापासून पीठ आणि परात घेऊन वर चढून यायची आणि जावेच्या चुलीवर भाकरी करायची. एकदा मी तिथे असतानाच आली. उतार चढून दम लागलेला, परात कमरेवर.

"आली का आमची भाडेकरीण," थोरली म्हणाली.

"भाडं मागशील तर तुझ्याच तव्यावर तुलाच भाजीन अक्का," धाकटी थांबून थांबून म्हणाली.

"आधी श्वास घे, मग भाज."

"घेऊन राहिले की. हितं घेता येतो म्हनून तर येते."

मी ते वाक्य वहीत लिहिलं नाही. वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता.

असं वर्ष गेलं. तपासनीस येणार असल्याचं ताईंनी आठ दिवस आधी फोनवर कळवलं. ते कंपनीचे नव्हते, संस्थेचेही नव्हते. दोघांवर नजर ठेवणारी तिसरी संस्था असते, तिचे. "सगळं नेहमीसारखं राहू द्या," ताई म्हणाल्या. "काही वेगळं करायचं नाही."

मी आदल्या दिवशी तांड्यावर गेले आणि बायकांना गोळा करून सांगितलं, "उद्या साहेब येणार आहेत. सगळं नेहमीसारखं राहू द्या. पण नीटनेटकं ठेवा हं. आपल्या तांड्याची लाज राखायची आहे."

तुम्ही गॅसच्या शेगडीवर वाढलात, म्हणून पोतारणं म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला हवं. स्वयंपाक झाला की चूल काळी होते. मग शेणात पांढरी माती कालवून त्यात फडकं बुडवायचं आणि चुलीवरून, तिच्या तोंडावरून, शेजारच्या भिंतीवरून फिरवायचं. वाळलं की चूल कोऱ्या कपड्यासारखी दिसते. रोज थोडं आणि सणाला किंवा पाहुणा येणार असला की सगळं. पोरगी बघायला येणारी माणसंसुद्धा आत डोकावून चूल बघून घेतात. काळी चूल म्हणजे आळशी बाई. आमच्या गावाकडेही हेच होतं, माझ्या आईचंही हेच होतं. मला हे इतकं ठाऊक होतं की ठाऊक असल्याचं लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास जीप आली. ताई आणि तपासनीस. दक्षिणेकडचे गृहस्थ, पन्नाशीचे, हळू बोलणारे, इंग्रजी फार शुद्ध. मराठी येत नव्हती म्हणून मी दुभाषी. अंगणांत सडा घातलेला, बायका सणाचे कपडे घालून उभ्या. आरसे जडवलेल्या काचळ्या, म्हणजे त्यांच्या चोळ्या, उन्हात चमकत होत्या. मला अभिमान वाटला.

पहिल्या घरात ते चुलीपुढे उकिडवे बसले. आत हात घातला. चूल गार होती. राख नव्हती. जाळी घासून ठेवली होती. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाला पांढरी माती लागली. विजेरी काढून नळकांड्यात बघितलं. तेही कुणीतरी काठीला चिंधी बांधून आतून पुसलं होतं. मग वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या घरात तसंच.

तिसरं घर थोरलीचं. ते पुन्हा आत वाकले, पुन्हा हात घातला, मग उठून मागच्या दाराने परसात गेले. आम्ही मागोमाग. परसात तीन दगड मांडलेले होते, मध्ये राख, आणि राखेतून अजून धुराची बारीक रेघ निघत होती. शेजारी अर्धवट जळालेल्या तुराट्या.

त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी मराठीत थोरलीला विचारलं, "आज स्वयंपाक कुठे केलात?"

"हितं, उघड्यावर," ती मोकळेपणाने म्हणाली. "सगळ्यांनीच मागं केला. साहेब येनार, मग चूल काळी करावं का?"

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सांगता सांगता मला कळलं. तीन दगडांकडे बघत असलेला तो माणूस काय बघत होता ते कळलं.

"साहेब, ही इथली रीत आहे," मी म्हणाले. "पाहुण्यासाठी चूल सारवतात. एरवी ही चूल दिवसातून दोनदा, कधी चारदा पेटते. भिंतीवर रोजच्या रेघा होत्या."

"आता कुठे आहेत?"

भिंत पांढरीशुभ्र होती. एरवी, सणालासुद्धा, बायका रेघा सोडून पोतारत; आज वर्षभराच्या रेघांवरूनही पोतेरं फिरलं होतं, एकूण एक घरात.

मी पिशवीतून वही काढून दिली. त्यांनी ती शांतपणे चाळली. बावन्न आठवडे, एकच शाई, एकच हस्ताक्षर, एकही खाडाखोड नाही.

"मूळ टिपणं?"

"फाडून टाकली. ही पक्की वही आहे."

"तुमचं अक्षर फार सुंदर आहे," ते म्हणाले. आणि मला, त्या क्षणीसुद्धा, बरं वाटलं. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

धाकटी दारात उभी होती. ती सकाळपासून एक वाक्य जुळवून आली होती. तिने पदर सावरला आणि थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली, "साहेब, मी बी हितंच सैपाक करते. रोज. माझ्या घरी दम लागतो म्हनून. ह्या चुलीवर मला दम लागत न्हाई."

मी सांगितलं. त्यांनी यादी काढली. "यांचं नाव यात नाही."

"नाही. त्या दुसऱ्या खेपेत आहेत."

"मग मला त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही, मॅडम." ते कठोर नव्हते. जीपकडे जाताना त्यांनी मला सांगितलं की त्यांची आईसुद्धा लाकडावरच स्वयंपाक करायची. "पण मी जे दिसतं तेवढंच लिहू शकतो. जे ऐकतो ते लिहिलं तर उद्या कुणीही काहीही ऐकवेल." त्यांचं हे म्हणणं मला तेव्हाही चूक वाटलं नाही, आजही वाटत नाही.

निकाल काही महिन्यांनी आला. आमच्या तांड्यावरच्या चुली 'वापरात नाहीत' या सदरात गेल्या. धुराचा कागद झाला नाही, म्हणून दुसरी खेप आमच्याकडे येणार नव्हती. ती दुसऱ्या जिल्ह्यात वळवली होती. ताईंनी हे फोनवर न सांगता स्वतः येऊन सांगितलं. त्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या, चहा घेतला नाही, आणि म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, नेहमीसारखं."

मी तीन पत्रं लिहिली. चांगल्या इंग्रजीत, मुद्देसूद. पोतारण्याची रीत समजावून सांगितली, न कळवता पुन्हा येऊन बघा अशी विनंती केली, हवं तर सहा महिने थांबा म्हटलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं की खुलाशाची नोंद घेतली आहे, परंतु त्याला पुरावा नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की त्या वर्षाचा हिशेब बंद झाला आहे. तिसऱ्याला आलं नाही.

तांड्यावर मीच जाऊन सांगितलं. नायकांच्या घरासमोर कडुलिंबाखाली सगळे बसले होते. मी सांगून थांबले तर कुणालाच नीट कळेना.

"म्हंजी," थोरली म्हणाली, "काळी ठेवली असती तर पास, आन् पांढरी केली म्हनून नापास?"

"हो."

"बाई, तुमच्या शाळंत असंच व्हतं का?"

माझ्या शाळेत उलटं होतं. डाग पडलेल्या वह्यांचे मी गुण कापत असे. तांड्यावरच्या त्या चार मुलींचेही कापले होते, कारण त्यांच्या वह्यांना चुलीचा वास यायचा आणि कोपरे काळे असायचे.

एक म्हातारा म्हणाला, "गोऱ्या लोकांना धूर पायजे व्हता तर धूर दाखवायचा व्हता. त्याची काय कमी हाय आपल्याकडं?" दोघं-चौघं हसले.

"मग माझी कवा येनार?" धाकटीने विचारलं. ती मागे बसली होती.

"येणार नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. श्वास घेतला. "बरं. अक्काची हाय की."

उठताना मी तिच्याजवळ गेले. मला क्षमा मागायची होती. तिलाच माझी दया आली असावी. "तकलीफ करून घेऊ नका बाई. तुमी सांगितलं नसतं तरी आमी पोतारलंच असतं. पाहुन्याला काळं घर दाखवतं का कुनी?"

कदाचित तसंच झालं असतं. पण रेघा भिंतीवर ओढायला मी सांगितलं होतं, चिठ्ठ्या मी फाडल्या होत्या, आणि यादी ओळीने लावायचं तर मीच ठरवलं होतं. वर्षभर त्या घरांत वावरून, एकदाही मला सुचलं नाही की बाहेरचा माणूस स्वच्छ चूल बघून काय समजेल. इंग्रजी येणारी मी एकटी होते. दोन्ही बाजू दिसण्यासाठीच तर मला तिथे ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यात धाकटीला उतार चढणं जमेना. थोरली दोन्ही वेळच्या भाकरी करून खाली नेऊन द्यायची. पण धाकटीच्या घरात सून आली होती, नवी सून काही कायम दुसऱ्याच्या चुलीवरचं वाढून घेणार नव्हती, म्हणून खालची चूल पुन्हा पेटू लागली. मग थोरलीने एक काम केलं, जे माझ्या डोक्यात आलं नसतं. तिने आपल्या चुलीचं माप घेतलं, वितीने आणि बोटांनी. वारुळाची माती, भुसा आणि शेण मळून धाकटीच्या घरात तशीच चूल घातली. बिडाच्या जाळीऐवजी बैलगाडीच्या चाकावरच्या धावेचे लोखंडी तुकडे. नळकांडं मिळेना, तर नरसीला जाऊन तिथल्या रस्त्यावरच्या कुंभाराकडून कौलाच्या मातीची, एकात एक बसणारी नळी करून घेतली. पहिली चूल तडकली. दुसरीचं नळकांडं पावसात कलंडलं. तिसरी टिकली. ती पहिल्या चुलींइतकी चांगली नव्हती, निम्मा धूर वर जायचा आणि निम्मा घरात राहायचा. पण धाकटीचा चेहरा आता त्या घरात उभं राहूनही दिसायचा.

धाकटी अजून दोन वर्षं होती. तिसऱ्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत गेली. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं फार पूर्वीपासूनच खराब झाली होती. वेळेवर चूल मिळाली असती तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं पक्क्या वहीत लिहायची माझी सवय आता गेली आहे. तिच्या घरी एक चूल यायची होती आणि ती माझ्या यादीमुळे आधी आली नाही, माझ्या नीटनेटकेपणामुळे नंतरही आली नाही. तेवढं मला ठाऊक आहे.

आता थोरल्या नातीच्या प्रश्नाकडे. हे खरं असतं का?

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत राहिले. असे प्रकल्प थांबले नाहीत, वाढलेच. पुढे चुलींना उष्णता मोजणारी छोटी यंत्रं लावायला लागले, म्हणजे पोतारून काही पुसलं जाणार नाही. आणि हेही वाचलं की कितीतरी ठिकाणी आमच्या उलट झालं. न पेटणाऱ्या चुली पेटत्या म्हणून मोजल्या गेल्या आणि त्यांचे कागद विकले गेले. आमच्याकडे धूर खरंच वाचला होता आणि मोजला गेला नाही. मोजणारा दुरून येतो आणि एकच दिवस येतो, तोवर दोन्ही चुका होत राहणार असं मला वाटतं. त्या चौकोनावर खूण केलीस ते वाईट केलं नाहीस. पण खूण केली म्हणजे फिटलं असं समजू नकोस. कधी जमलं तर त्या लोकांना लिहून विचार की फोटोतल्या बाईच्या शेजारच्या घरात काय आहे.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास मी तांड्यावर जाऊन आले. आता तिथे डांबरी रस्ता आहे, घरोघरी सिलिंडर आहेत, आणि सिलिंडर महाग झाला की पुन्हा तुराट्या आहेत. वरच्या ओळीतल्या सिमेंटच्या चुलींपैकी एकही उरलेली नाही. जाळ्या झिजल्या, नवीन जाळ्या कुणी पाठवल्या नाहीत, ठोकळे फोडून पायऱ्यांत घातले. थोरली आहे. ऐकू कमी येतं, आवाज तेवढाच आहे. तिने घातलेल्या चुलीवरून शेजारणींनी माप नेलं होतं, त्यांच्याकडून त्यांच्या सुनांनी. धाकटीच्या घरातली चूल दर दोन-तीन वर्षांनी नव्याने घालावी लागते, ती तिची सून घालते. खालच्या ओळीत तशा मातीच्या सात चुली आज चालू आहेत.